एका अक्षरानें हरवलेलें गांव

इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्याच्या दक्षिण सीमेवर, बॉट्री नांवाच्या बाजारपेठेपासून सुमारें दीड मैलावर, ऑस्टरफील्ड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. नॉटिंगहॅमशायर आणि लिंकनशायर या परगण्यांच्या हद्दीही तेथून फारशा दूर नाहींत. गांवाला किल्ला नाहीं, राजवाडा नाहीं. आहे तें एक ठेंगणें, दगडी, नॉर्मन काळांतील चर्च. सेंट हेलेनाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या चर्चच्या दक्षिण दारावर एक ओबडधोबड ड्रॅगन कोरलेला आहे. परंतु अमेरिकेंतून माणसें समुद्र ओलांडून या खेड्याची वाट धरतात तीं या ड्रॅगनासाठीं नव्हेत. तीं येतात चर्चच्या नोंदवहींतील एका ओळीपायीं. १९ मार्च १५९० या दिवशीं विल्यम ब्रॅडफर्ड नांवाच्या बालकास येथें बाप्तिस्मा दिल्याची ती नोंद आहे. त्या काळीं इंग्लंडांत नवें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून मूळच्या गणनेनें तें साल १५८९ ठरतें.

‘मेफ्लॉवर’ या जहाजाचें नांव बहुतेक श्रोत्यांनीं ऐकलें असेल. त्या जहाजांतून १६२० सालीं गेलेल्या लोकांनीं प्लिमथ येथें जी वसाहत स्थापिली, ती न्यू इंग्लंडांतील इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत होय. तिच्या स्थापनेंत ज्याचा मोठा वांटा, जो तीसएक वर्षें तिचा गव्हर्नर होता, आणि ज्यानें तिची बखर लिहून ठेवली, तोच हा ब्रॅडफर्ड. नवल असें कीं, त्याची कीर्ति दोन्ही खंडांत पसरली तरी त्याचें जन्मगांव कोणतें, हें फार काळ कोणास ठाऊक नव्हतें. तें कसें हरवलें व कसें सांपडलें, ही हकीकत जितकी मनोरंजक तितकीच विचार करावयास लावणारी आहे. कारण तिच्याबरोबर दुसऱ्याच एका गांवाची गोष्ट गुंतलेली आहे.

ब्रॅडफर्डचें घराणें जमीनजुमला बाळगून असलेल्या सुखवस्तु शेतकऱ्यांचें होतें. परंतु मुलाच्या वांट्याला आईबापांचें सुख आलें नाहीं. तो वर्षसव्वा वर्षाचा असतां बाप वारला. आईनें दुसरें लग्न केल्यावर त्याला आजोबांकडे ठेवण्यांत आलें. १५९६ सालीं आजोबा गेले, आणि पुढच्याच वर्षीं आईही गेली. मग चुलत्यांनीं त्याला सांभाळिलें. तो शेतीच्या कामाला लागावा अशी त्यांची इच्छा. पण मुलगा दीर्घकाळ आजारी असे, आणि त्या आजारपणांत त्याला वाचनाची गोडी लागली. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो बायबल लक्षपूर्वक वाचूं लागला. आठदहा मैलांवरील बॅबवर्थ येथें रिचर्ड क्लिफ्टन नांवाचा धर्मोपदेशक प्रवचनें देत असे; तीं ऐकण्यासाठीं हा पोरका मुलगा पायीं जाई. चुलत्यांना हें रुचलें नाहीं, शेजारीपाजारी हंसले. पण त्याचा निश्चय ढळला नाहीं.

ऑस्टरफील्डपासून सुमारें तीन मैलांवर स्क्रूबी नांवाचें दुसरें खेडें आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणारा राजमार्ग त्यावरून जात असे, आणि तेथें यॉर्कच्या आर्चबिशपांचा एक जुना वाडा होता. त्या वाड्यांत विल्यम ब्रूस्टर नांवाचा गृहस्थ राही. तो केंब्रिजला शिकलेला, राणी एलिझाबेथच्या सचिवापाशीं चाकरी केलेला. पुढें तो सचिव राणीच्या मर्जींतून उतरला, तेव्हां ब्रूस्टर गांवीं परत आला, आणि सरकारी टपालाचे घोडे बदलण्याच्या ठाण्याचा अंमलदार झाला. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्यें राहून त्याची सुधारणा होणार नाहीं, आपण त्यापासून वेगळेंच झालें पाहिजे, असें मानणारे कांहीं लोक या वाड्यांत गुप्तपणें जमूं लागले. क्लिफ्टन त्यांचा उपदेशक होता. जॉन रॉबिन्सन हा दुसरा विद्वान् उपदेशक त्यांना येऊन मिळाला. आर्चबिशपांच्याच छपराखालीं आर्चबिशपांची सत्ता न मानणारी मंडळी प्रार्थना करीत होती, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! तरुण ब्रॅडफर्ड त्यांच्यांत सामील झाला.

राजा जेम्स १६०३ सालीं गादीवर आला. धर्माच्या बाबतींत सर्वांनीं एकाच शिस्तीनें चालावें, असा त्याचा आग्रह होता. स्क्रूबीच्या मंडळींवर पाळत बसली, कोणास समन्सें आलीं, कोणास तुरुंग घडला. शेवटीं त्यांनीं हॉलंडांत जाण्याचें ठरविलें, कारण तेथें धर्माच्या बाबतींत जाच कमी होता. परंतु परवान्यावांचून देश सोडणें हाही गुन्हाच. १६०७ सालीं लिंकनशायरांतील बॉस्टन बंदरावरून निघण्याचा त्यांनीं बेत केला. पण जहाजाच्या कप्तानानेंच दगा दिला, आणि सर्वजण पकडले गेले. पुढच्या वर्षीं हंबर नदीच्या मुखाजवळ एका डच जहाजाशीं संकेत ठरला. बायकामुलें आणि सामान लहान नावेंतून आधीं आलें, तों ओहोटीमुळें नांव चिखलांत रुतली. पुरुषांची पहिली खेप जहाजावर चढते न चढते, इतक्यांत सशस्त्र जमाव येतांना दिसला. डच कप्तानानें नांगर उचलून शिडें उभारलीं. नवरे समुद्रावर, बायकामुलें किनाऱ्यावर! त्या जहाजाला वादळानें नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत हुसकावून नेलें. किनाऱ्यावरच्या बायकामुलांना अधिकाऱ्यांनीं एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर फिरविलें, आणि अखेर कंटाळून सोडून दिलें. कारण त्यांना परत पाठवावें, तर घरेंदारें त्यांनीं विकून टाकलेलीं. थोडथोडे करीत सर्वजण ॲम्स्टरडॅमला पोंचले.

१६०९ पासून ही मंडळी लायडन शहरीं स्थायिक झाली. शेतकऱ्याच्या घरांत वाढलेला ब्रॅडफर्ड तेथें जाडेंभरडें कापड विणून पोट भरूं लागला. १६११ सालीं तो एकवीस वर्षांचा, म्हणजे कायद्यानें सज्ञान झाला, तेव्हां त्यानें ऑस्टरफील्ड येथील आपला वडिलोपार्जित वांटा विकून टाकला. गांवाशीं असलेला व्यवहाराचा शेवटचा धागा येथें तुटला. पुढें तो या गांवीं परतला नाहीं.

लायडनमध्यें छळ नव्हता, पण हाल होते. मोठीं माणसें कष्टानें अकालीं वांकत होतीं. मुलें डच चालीरीति उचलीत होतीं. आणि स्पेन व हॉलंड यांच्यामधील बारा वर्षांचा तह १६२१ सालीं संपावयाचा होता. म्हणून कांहींनीं अमेरिकेचा विचार केला. लंडनच्या व्यापाऱ्यांकडून भांडवल घेऊन, आणि त्यांच्या धर्ममंडळींशीं संबंध नसलेल्या इतर वसाहतकारांस बरोबर घेऊन, ‘मेफ्लॉवर’ १६२० च्या सप्टेंबरमध्यें इंग्लंडांतील प्लिमथ बंदरांतून निघालें. १०२ उतारू होते. त्यांपैकीं सुमारें निम्मेच लायडनच्या मंडळींतील. ब्रॅडफर्डनें बायको बरोबर घेतली होती. लहान मुलगा मात्र हॉलंडांतच ठेवला होता. नोव्हेंबरांत केप कॉड दिसलें. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वीं ४१ पुरुषांनीं एका करारावर सह्या करून, सर्वांच्या हिताचे कायदे आपण करूं आणि ते पाळूं, असें परस्परांस वचन दिलें. डिसेंबरांत ब्रॅडफर्ड जागा शोधण्यासाठीं गेला असतां इकडे त्याची पत्नी डोरोथी जहाजावरून समुद्रांत पडून बुडाली. त्या हिंवाळ्यांत थंडी व रोगराई यांमुळें जवळजवळ निम्मीं माणसें मेलीं. १६२१ च्या वसंतांत पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर वारला, आणि एकतीस वर्षांच्या ब्रॅडफर्डची त्या जागीं निवड झाली.

आतां प्रश्न असा कीं, या उपाशी, आजारी, परक्या माणसांना वसण्यास इतकी सोयीची जागा मिळाली कशी? गोडें पाणी होतें, बंदर होतें, आणि जंगल तोडून साफ केलेलीं शेतें आयतीं तयार होतीं. या शेतांचा मालक कोण? येथें या कथेंतील दुसरें गांव पुढें येतें. त्याचें नांव पटक्सेट.

पटक्सेट हें वाम्पानोआग लोकांचें गांव होतें. १६१६ ते १६१९ या काळांत युरोपीय खलाशी व व्यापारी यांच्या संसर्गानें त्या किनाऱ्यावर भयंकर सांथ आली. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. मेलेल्यांस पुरण्यास माणूस उरलें नाहीं. पटक्सेट तर समूळ नाहींसें झालें. नकाशावर मात्र त्याची जागा इंग्रजांनीं आधींच भरून काढली होती: कप्तान जॉन स्मिथनें १६१४ सालीं हा किनारा पाहिला होता, आणि १६१६ सालीं छापलेल्या त्याच्या नकाशावर राजपुत्र चार्ल्सच्या पसंतीचीं इंग्रजी नांवें घातलीं गेलीं, त्यांत ‘प्लिमथ’ हें नांव होतें. ऑस्टरफील्डच्या मुलाला आपल्या गांवाचें नांव या भूमीला द्यावें लागलें नाहीं, आणि पटक्सेटचें नांव पुसण्याचेंही काम त्याच्याकडे आलें नाहीं. तें दोन्ही आधींच होऊन गेलें होतें.

पटक्सेटचा एक माणूस मात्र जिवंत होता. त्याचें नांव टिस्क्वांटम. १६१४ सालीं टॉमस हंट नांवाच्या एका इंग्रज कप्तानानें त्याला इतर कांहीं जणांबरोबर फसवून जहाजावर घेतलें, आणि स्पेनमधील मालागा येथें विकावयास नेलें. तेथून तो इंग्लंडांत आला, लंडनमध्यें राहिला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ सालीं एका जहाजाबरोबर मायदेशीं परतला. पाहतो तों गांव ओस, माणूस एकही नाहीं! पळवून नेल्यामुळें तो सांथींतून वांचला होता. पण वांचून ज्यांच्याकडे परत यावयाचें, तेच राहिले नव्हते. दोन वर्षांनीं त्याच्याच गांवच्या जागेवर घरें बांधीत असलेल्या इंग्रजांस हा माणूस येऊन मिळाला. मका केव्हां पेरावा, त्याच्या मुळाशीं मासे पुरून खत कसें द्यावें, मासे कोठें सांपडतात, हें सर्व त्यानें त्यांस शिकविलें. वाम्पानोआगांचा प्रमुख ऊसामेक्विन, ज्याला इंग्रज मॅसासॉइट या त्याच्या पदवीनें ओळखत, त्याच्याशीं १६२१ सालीं जो तह झाला, त्यांत दुभाष्याचें काम टिस्क्वांटमनें केलें. त्याच शरदऋतूंत पहिलें पीक हातीं आल्यावर तीन दिवस मेजवानी झाली. तींत सुमारें नव्वद वाम्पानोआग पुरुष होते. १६२२ च्या अखेरीस टिस्क्वांटम तापानें वारला. त्या वेळीं ब्रॅडफर्ड त्याच्याजवळ होता.

दोन पोरकीं माणसें, दोन हरवलेलीं गांवें! एकानें आपलें गांव विकून सोडलें, दुसऱ्याचें गांव मृत्यूनें नेलें. ब्रॅडफर्डला या माणसाचें मोल ठाऊक होतें; देवानें आपल्या साहाय्यार्थ तो पाठविला, असें तो मानी. परंतु देवानें तो पाठविण्यापूर्वीं एका इंग्रजानें त्याला चोरलें होतें, आणि ज्या सांथीनें इंग्रजांस शेतें मिळालीं, तिनेंच त्याचे आप्त नेले होते, हें सत्य या भाविक समजुतीच्या आड झांकलें जातें.

ब्रॅडफर्ड स्वार्थी किंवा क्रूर मनुष्य नव्हता. केप कॉडवर उपाशी इंग्रजांनीं जमिनींत पुरलेला मका उकरून नेला, त्याची भरपाई त्यांनीं पुढें केली. मॅसासॉइटशीं झालेला तह दोघांच्याही हयातींत मोडला नाहीं. पण १६३७ सालीं पेक्वट लोकांचें एक तटबंद गांव इतर वसाहतींच्या फौजांनीं माणसांसकट जाळलें, तेव्हां त्याच्या बखरींत ती गोष्ट ईश्वरी विजय म्हणूनच उतरली. तो स्वतः १६५७ सालीं वारला. पुढें जमिनींची भूक वाढत गेली, आणि १६७५ सालीं मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याच्याशीं युद्ध पेटलें. दुसऱ्या वर्षीं तो मारला गेला. त्याचें शिर प्लिमथच्या तटावर वर्षानुवर्षें टांगलेलें राहिलें. ज्याच्या बापानें मेजवानीला हजेरी लावली होती, त्याच्या वांट्याला प्लिमथमध्यें हें आलें. खुद्द प्लिमथ वसाहतही १६९१ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें विलीन झाली.

ब्रॅडफर्डनें आपली बखर १६३० सालीं लिहावयास घेतली. तींत १६४६ सालापर्यंतच्या घटना आहेत. शेवटीं मेफ्लॉवरवरील माणसांची नांवनिशी असून, कोण मेलें, कोण जगलें, कोणाला किती मुलेंबाळें झालीं, याचा हिशेब त्यानें मांडला आहे. तें हस्तलिखित वंशजांकडून अखेर बॉस्टन येथील ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यांतील ग्रंथसंग्रहांत आलें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळीं ब्रिटिश सैन्यानें त्या चर्चचा घोडेस्वारीची शाळा म्हणून उपयोग केला. त्या धामधुमींत बखर नाहींशी झाली.

इकडे ऑस्टरफील्डही नाहींसें झालें होतें, तें एका अक्षरामुळें. कॉटन मॅदर नांवाच्या धर्मोपदेशकाचा न्यू इंग्लंडविषयींचा मोठा ग्रंथ १७०२ सालीं छापला गेला. त्यांत ब्रॅडफर्डचें जन्मगांव ‘ॲन्स्टरफील्ड’ असें पडलें. इंग्रजी लिपींत ‘यू’ आणि ‘एन’ हीं अक्षरें एकमेकांचीं उलटीं रूपें. एक दुसऱ्याच्या जागीं बसलें इतकेंच. पण या नांवाचें गांव इंग्लंडांत कोठेंच नव्हतें. सुमारें दीडशें वर्षें अभ्यासक त्या नसलेल्या गांवाच्या पाटीपुढें थांबून राहिले.

ही गांठ सोडविली जोसेफ हंटर यांनीं. ते मूळचे शेफील्डचे, यॉर्कशायरच्या जुन्या घराण्यांचे आणि गांवांचे गाढे अभ्यासक, आणि सरकारी दफ्तरखान्यांत अधिकारी. ब्रॅडफर्डनें लिहिलेल्या ब्रूस्टरच्या चरित्रांत, मंडळी एका बिशपाच्या वाड्यांत जमत असे, एवढी खूण होती. आणि ती मंडळी तीन परगण्यांच्या सीमाभागांतली, एवढी दुसरी. हंटर यांना तो मुलूख तळहातासारखा ठाऊक होता. या खुणांशीं जुळणारा वाडा म्हणजे स्क्रूबीचा, हें त्यांनीं ताडलें. आणि स्क्रूबी सांपडल्यावर शेजारचें ऑस्टरफील्ड लपून राहणें शक्य नव्हतें. नोंदवही उघडली, तों ब्रॅडफर्ड घराण्याच्या नोंदी समोर! १८४९ सालीं त्यांनीं हें संशोधन छापलें. अडीचशें वर्षांपूर्वीं गांवच्या पाद्र्यानें कर्तव्य म्हणून लिहिलेली एक ओळ, हाच अखेरचा पुरावा ठरला.

पुढें लौकरच बखरही सांपडली. ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स यांच्या १८४४ सालच्या एका ग्रंथांत लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयांतील एका हस्तलिखिताचे उतारे होते. १८५५ सालीं अमेरिकेंतील अभ्यासकांनीं ते ओळखले. हस्ताक्षराची खात्री करून घेण्याच्या कामीं हंटर यांचेंच साहाय्य झालें. १८५६ सालीं बखर प्रथम समग्र छापली गेली. आणि १८९७ सालीं लंडनच्या धर्मन्यायालयाच्या हुकुमानें मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरकडे सुपूर्त करण्यांत आली. ती आज बॉस्टन येथें राज्याच्या ग्रंथालयांत आहे. बिशपांच्या सत्तेपासून पळून गेलेल्या माणसाची वही बिशपांच्याच घरीं सुरक्षित राहिली, आणि त्यांच्याच न्यायालयानें ती परत केली; इतिहास कधीं कधीं अशा रीतीनें जुनीं देणीं फेडतो.

ऑस्टरफील्ड सांपडलें, कारण त्याच्यापाशीं नोंदवही होती. पटक्सेटपाशीं ती नव्हती. तेथें किती माणसें राहत होतीं, त्यांचीं नांवें काय, शेवटचें मूल कोणाच्या घरीं जन्मलें, याची यादी कोणी केली नाहीं. त्या गांवाचा जो एक मनुष्य इतिहासाला नांवानें चांगला परिचित आहे, तोही इंग्रजांनीं लिहून ठेवला म्हणूनच. परंतु ज्यांचें दफ्तर नाहीं त्यांना स्मृति नाहीं, असें मात्र नव्हे. १९७० सालीं मेफ्लॉवरच्या आगमनास ३५० वर्षें झालीं, त्या समारंभांत बोलण्यास वाम्पानोआग समाजांतील वॉमसुटा फ्रँक जेम्स यांना बोलाविलें होतें. त्यांचें भाषण आधीं वाचून पाहिल्यावर चालकांना तें मानवलें नाहीं, आणि त्यांनीं तें करूं दिलें नाहीं. तेव्हां आभारदिनाच्याच दिवशीं प्लिमथमध्यें मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ त्यांनीं व इतर मूळ रहिवाशांनीं शोकदिन पाळला. तेव्हांपासून तो दरवर्षीं पाळला जातो. १९९३ सालीं त्यांच्यांतील कांहींनीं, शंभरावर वर्षें कोणाच्या बोलण्यांत न राहिलेली आपली भाषा पुन्हां जिवंत करण्याचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं सतराव्या शतकांत त्या भाषेंत छापलेलें बायबल आणि पूर्वजांनीं लिहिलेले जमिनींचे जुने कागद उपयोगी पडले.

प्लिमथ येथें जुन्या वसाहतीचें दर्शन घडविणारें एक मोठें संग्रहालय १९४७ पासून आहे. त्याच्या नांवांत पूर्वीं केवळ वसाहतीचा उल्लेख होता. २०२० सालीं, म्हणजे चारशें वर्षांनीं, तें नांव बदलून ‘प्लिमथ पटक्सेट’ असें करण्यांत आलें. ऑस्टरफील्डला आपलें खरें अक्षर परत मिळण्यास दीडशें वर्षें लागलीं. पटक्सेटला आपलें नांव पाटीवर परत मिळण्यास चारशें लागलीं. ऑस्टरफील्डच्या चर्चमध्यें उभें राहून ब्रॅडफर्डचें स्मरण करणाऱ्या यात्रेकरूनें टिस्क्वांटमचेंही स्मरण केलें, तरच एका गांवाचा दुसऱ्याशीं असलेला खरा संबंध त्याला समजला असें म्हणतां येईल.